अध्यासन आणि वाचनकक्ष : पोलिश भाषेच्या विद्यापीठीय अभ्यासाची कथा

स्वभाषेचा अभ्यास विद्यापीठात व्हावा, तिच्यासाठी स्वतंत्र अध्यासन असावे, तिच्या व्याकरणावर आणि वाङ्मयावर प्रबंध लिहिले जावेत, ही गोष्ट आज इतकी रूढ झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु ज्या भाषांच्या पाठीशी राज्य नव्हते त्यांना हे स्थान सुखासुखी मिळालेले नाही. पोलिश भाषा हे याचे ठळक उदाहरण होय. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या सत्तांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशी तीन वेळा पोलंडची वाटणी केली. त्यानंतर १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, स्वतंत्र पोलंड युरोपच्या नकाशावर नव्हता. तरीही याच काळात पोलिशचा महाकोश सिद्ध झाला, तिच्या वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले आणि तिचे सर्वांत जुने गद्य उजेडात आले. हे कार्य कोणी केले, कोठे बसून केले आणि कोणाच्या बळावर केले, हा प्रश्न ग्रंथालयाच्या सभासदाला विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे. कारण त्याचे उत्तर शोधू लागले की विद्यापीठाइतकाच वाचनकक्षही वारंवार समोर येतो.

लॅटिनची सावली

पोलंडमधील पहिले विद्यापीठ राजा काझिमिएश याने १३६४ मध्ये क्राकूव्ह येथे स्थापन केले. पुढे यागिएलोनियन विद्यापीठ या नावाने ते विख्यात झाले. परंतु तेथे शतकानुशतके शिकविण्याची भाषा लॅटिन होती. आपल्याकडे पंडितांच्या सभेत संस्कृतचे जे स्थान होते, तेच तेथे लॅटिनचे. पोलिश ही घरची, शेतातली, बाजारातली भाषा. तिचे सर्वांत जुने म्हणून मानले जाणारे लिखित वाक्यही एका लॅटिन ग्रंथातच सापडते. सिलेशिया प्रांतातील हेन्रिकूव्ह येथील मठाच्या मिळकतींचा वृत्तांत १२७० च्या सुमारास लिहिला गेला. त्यात एका गावाच्या नावाची कुळकथा सांगताना लेखकाने एका शेतकऱ्याचे उद्गार त्याच्याच बोलीत नोंदविले आहेत. रोज दळण दळून थकलेल्या बायकोला तो म्हणतो की, जाते आता मी ओढतो, तू विसावा घे. ज्या भाषेत जात्यावरच्या ओव्यांचे भांडार आहे, त्या मराठीच्या वाचकाला या वाक्याची गोडी निराळी सांगावयास नको. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती यानंतर अवघ्या वीस वर्षांनी, हा योगायोगही लक्षात राहण्याजोगा आहे.

सोळाव्या शतकात यान कोखानोव्स्की याच्यासारख्या कवीने पोलिशला उच्च काव्याची भाषा केले. परंतु विद्यापीठाने तिला अभ्यासविषय म्हणून स्वीकारण्यास आणखी दोन शतके जावी लागली. १७७३ मध्ये जेझुइट संघाचे विसर्जन झाले. त्याच्या मालमत्तेच्या आधारावर पोलंडने 'राष्ट्रीय शिक्षण आयोग' स्थापन केला. युरोपातील अगदी पहिल्या शिक्षणखात्यांत त्याची गणना होते. या आयोगाने शाळांत पोलिश माध्यम रुजविले आणि ओनुफ्री कोपचिन्स्की याच्याकडून शालेय व्याकरण लिहवून घेतले. त्याचा पहिला भाग १७७८ मध्ये निघाला. भाषा शास्त्रशुद्ध शिकविण्याची सिद्धता अशी होत होती, आणि नेमके त्याच वेळी राज्य मोडत होते.

राज्य गेले, कोश झाला

झावुस्की घराण्यातील दोन बिशप बंधूंनी वॉर्सा येथे १७४७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ग्रंथालय त्या काळी युरोपातील मोठ्या ग्रंथालयांपैकी एक होते. तिसऱ्या वाटणीच्या वेळी सम्राज्ञी कॅथरीन हिच्या आज्ञेने तेथील सुमारे चार लाख ग्रंथ सेंट पीटर्सबर्गला नेण्यात आले. राष्ट्र जिंकताना त्याचे ग्रंथालयही जिंकून न्यावे असे विजेत्याला वाटले, यातच ग्रंथालयाचे मोल दिसून येते.

या पार्श्वभूमीवर साम्युएल बोगुमिव लिंडे याचे कार्य पाहावे. लिंडे तोरून्यचा, जर्मन बोलणाऱ्या घरातला, धर्माने ल्युथरपंथी. व्हिएन्नामध्ये युझेफ ओसोलिन्स्की या ग्रंथप्रेमी सरदाराचा ग्रंथपाल म्हणून काम करीत असताना त्याने शब्दसंग्रह वाढविला, आणि पुढे आश्रयदात्यांच्या साहाय्याने १८०७ ते १८१४ या काळात वॉर्सा येथे सहा खंडांचा पोलिश कोश प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६०,००० शब्द असून अर्थाच्या पुष्टीसाठी जुन्या ग्रंथांतील अवतरणे आणि इतर स्लाव्ह भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत. ओसोलिन्स्की याने आपला संग्रह १८१७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या रूपाने ल्वूव्ह शहराला दिला. एक कोशकार आणि एक ग्रंथसंग्राहक यांच्या सहकार्यातून पोलिश भाषाभ्यासाचा पाया असा घातला गेला.

विद्यापीठांची कथा मात्र राजसत्तेच्या मर्जीबरोबर वरखाली होत राहिली. वॉर्साला १८१६ मध्ये विद्यापीठ निघाले. विल्नो येथील, म्हणजे आजच्या लिथुआनियातील व्हिल्नियस येथील, जुन्या विद्यापीठात आदाम मित्स्क्येविच याच्यासारखे विद्यार्थी वाङ्मयाचा अभ्यास करीत होते. त्याने मित्रांसह १८१७ मध्ये स्थापन केलेल्या विद्याप्रेमी मंडळाचा सुगावा लागताच १८२३ मध्ये धरपकड झाली आणि पुढच्या वर्षी त्याची रवानगी रशियात झाली. १८३०-३१ चा उठाव फसल्यावर वॉर्साचे विद्यापीठ १८३१ मध्ये आणि विल्नोचे १८३२ मध्ये बंद करण्यात आले.

देशात अध्यासन उरले नाही तेव्हा ते परदेशात उभे राहिले. पॅरिस येथील कॉलेज द फ्रान्समध्ये १८४० मध्ये स्लाव्ह वाङ्मयाचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर मित्स्क्येविचची नेमणूक झाली. फ्रेंच भाषेत, श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात, त्याने पोलिशसह सर्व स्लाव्ह भाषांचे वाङ्मय युरोपपुढे मांडले. परंतु त्याच्या व्याख्यानांत हळूहळू गूढ धर्मविचार आणि नेपोलियनची भक्ती यांचा प्रवेश झाला आणि १८४४ मध्ये ती थांबविण्यात आली. निर्वासित कवीला मिळालेले पीठही अखेर यजमान राज्याच्या सहनशीलतेवरच उभे होते.

तीन राज्ये, तीन तऱ्हा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिश शिकणाऱ्या तरुणाचे भवितव्य तो कोणत्या साम्राज्यात जन्मला यावर ठरत असे. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांताला १८६७ नंतर स्वायत्तता मिळाली. १८७० च्या सुमारास क्राकूव्ह आणि ल्वूव्ह येथील विद्यापीठांत पोलिश माध्यम प्रस्थापित झाले आणि ही दोन शहरे पोलिश भाषा-वाङ्मयाच्या अभ्यासाची माहेरघरे बनली.

प्रशियाच्या भागात चित्र उलटे होते. पोझ्नानला विद्यापीठ नव्हते आणि शाळांतून पोलिश क्रमाक्रमाने हद्दपार होत गेली. १९०१ मध्ये व्झेश्न्या या गावी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मनमधून उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या मुलांना छड्या खाव्या लागल्या आणि त्या घटनेचे पडसाद युरोपभर उमटले. या भागात भाषेचा आधार ठरली ती १८८० मध्ये स्थापन झालेली 'लोकवाचनालय संस्था'. गावोगावी लहान वाचनालये काढून तिने पोलिश पुस्तक शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचविले.

रशियन अमलातील वॉर्सामध्ये १८६२ ते १८६९ या अल्पकाळात 'मुख्य विद्यालय' या नावाने पोलिश माध्यमाची उच्च शिक्षणसंस्था चालली. तिच्या जागी आलेले शाही विद्यापीठ पूर्णपणे रशियन माध्यमाचे होते. पोलिश मुलांना पोलिश हा विषय परकी भाषेसारखा, ऐच्छिक म्हणून आणि तोही रशियनमधून शिकविला जाई. स्त्रियांना तर त्या विद्यापीठात प्रवेशच नव्हता.

फिरते विद्यापीठ

या दुहेरी बंदीवर उपाय शोधला तो स्त्रियांनीच. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वॉर्सामधील घरांतून मुलींचे गुप्त वर्ग सुरू झाले. याद्विगा श्चाविन्स्का या तरुणीने १८८५ च्या सुमारास ते एका सूत्रात गुंफले. पोलिसांच्या नजरेतून निसटण्यासाठी वर्गांची जागा सतत बदलावी लागे. म्हणून या संस्थेला 'फिरते विद्यापीठ' किंवा 'उडते विद्यापीठ' असे नाव पडले. प्योत्र ख्मिएलोव्स्की यांच्यासारखे वाङ्मयेतिहासकार तेथे शिकवीत. पुढे मेरी क्यूरी म्हणून जगाला माहीत झालेली मारिया स्क्लोदोव्स्का आणि तिची बहीण ब्रोनिस्वावा याच वर्गांच्या विद्यार्थिनी होत. विद्यार्थिनींकडून अल्प शुल्क घेतले जाई. त्यातून अध्यापकांना मानधन दिले जाई आणि उरलेल्या पैशांतून गुप्त ग्रंथसंग्रह वाढविला जाई. ज्या संस्थेला इमारत नव्हती, पाटी नव्हती, पदवी देण्याचा अधिकार नव्हता, तिलाही ग्रंथालयावाचून चालले नाही. १९०५ च्या क्रांतीनंतर निर्बंध सैल झाले तेव्हा ही संस्था 'शास्त्रीय अभ्यासक्रम मंडळ' या नावाने उघडपणे काम करू लागली.

पुस्तकाच्या बांधणीतील चर्मपत्रे

याच काळात पोलिश भाषेच्या इतिहासातील एक मोठा शोध लागला, तोही परमुलखातील ग्रंथालयात. अलेक्सांडर ब्रुकनर हे १८८१ पासून बर्लिन विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्या राज्यात पोलिश मुलांच्या शाळांतून पोलिश काढून टाकली जात होती, त्याच राज्याच्या राजधानीत तिचा एक थोर पंडित अध्यापन करीत होता. १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या शाही ग्रंथालयात पोलंडमधून नेलेल्या हस्तलिखितांची पाहणी करताना एका लॅटिन पोथीच्या बांधणीत वापरलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्यांवर त्यांना पोलिश अक्षरे दिसली. जुन्या बांधणीकाराने निरुपयोगी म्हणून एक हस्तलिखित कापून त्या १८ पट्ट्या पोथीला आधार म्हणून लावल्या होत्या. त्या जुळविल्यावर पोलिशमधील सर्वांत जुने ज्ञात सलग गद्य हाती आले. तीच 'पवित्र क्रूसाच्या मठातील प्रवचने'. स्वतंत्र पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात १९२१ मध्ये झालेल्या रीगाच्या तहानंतर ती वॉर्साला परत आली. दुसऱ्या महायुद्धात इतर अमूल्य ठेव्यांबरोबर ती कॅनडात सुरक्षित ठेवण्यात आली आणि १९५९ मध्ये पुन्हा मायदेशी पोहोचली.

स्वातंत्र्याची कसोटी

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१५ मध्ये, वॉर्सा विद्यापीठ पोलिश माध्यमात पुन्हा सुरू झाले. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला. पाठोपाठ लुब्लिन, पोझ्नान आणि विल्नो येथे विद्यापीठे उभी राहिली. पोलिश वाङ्मयाची अध्यासने सर्वत्र निघाली. लपूनछपून शिकलेल्या पिढीने आपल्या मुलांना राजमार्गाने महाविद्यालयात पाठविले. येथे ही कथा सुखान्त करून संपविण्याचा मोह होतो. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर पुढील पानही वाचले पाहिजे.

ल्वूव्ह शहरात पोलिश बहुसंख्येने होते, तर भोवतालच्या खेड्यांत युक्रेनियन. ऑस्ट्रियाच्या काळात तेथील विद्यापीठात युक्रेनियनांसाठी काही अध्यासने होती. पोलिश सत्ता आल्यावर १९१९ मध्ये ती बंद झाली. तेव्हा युक्रेनियन विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी काय केले? त्यांनी १९२१ मध्ये ल्वूव्हमध्ये स्वतःचे गुप्त विद्यापीठ काढले आणि ते १९२५ पर्यंत चालविले. झारशाहीच्या दडपशाहीवर पोलिशांनी शोधलेला उपाय त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच विरुद्ध, दुसऱ्या भाषिकांना योजावा लागला. १९३७ पासून अनेक विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना निराळ्या बाकांवर बसण्याची सक्ती झाली. ज्यांनी अन्याय सोसला ते अन्याय करणार नाहीत, अशी हमी इतिहास देत नाही.

या वातावरणात यान बोदुएँ द कुर्तने यांचे स्मरण विशेष महत्त्वाचे ठरते. वॉर्साच्या अल्पायुषी 'मुख्य विद्यालया'चे ते विद्यार्थी. कझान, दोर्पात, क्राकूव्ह आणि सेंट पीटर्सबर्ग येथे अध्यापन करून त्यांनी आधुनिक भाषाशास्त्रातील 'स्वनिम' या संकल्पनेचा पाया घातला. कोणतीही भाषा दुसरीहून श्रेष्ठ नाही, हे त्यांच्या लेखी शास्त्राचे अनुमान होते आणि आचरणाचा नियमही. अल्पसंख्य भाषिकांच्या हक्कांचा पुरस्कार केल्याबद्दल झारच्या राजवटीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. स्वतंत्र पोलंडमध्येही त्यांची भूमिका बदलली नाही. १९२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या गटाने त्यांना आपला उमेदवार केले. ते निवडून आले नाहीत. परंतु भाषेचा अभ्यासक कसा असावा याचा एक मानदंड ते मागे ठेवून गेले.

पुन्हा अंधारात

६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकूव्ह येथील प्राध्यापकांना जर्मन अधिकाऱ्याच्या व्याख्यानासाठी म्हणून विद्यापीठात बोलाविण्यात आले आणि तेथेच १८३ जणांना अटक झाली. बहुतेकांना झाक्सनहाउसेनच्या छळछावणीत नेण्यात आले. पोलिश वाङ्मयाचे वयोवृद्ध इतिहासकार इग्नात्सी ख्षानोव्स्की जानेवारी १९४० मध्ये तेथे मरण पावले. पोलिश ग्रंथसूचीचे घराण्यात चालत आलेले महाकार्य पुढे नेणारे स्तानिस्वाफ एस्ट्रायखर त्याआधीच, डिसेंबरमध्ये, निवर्तले होते. बोलीभाषांचे अभ्यासक काझिमिएश निच सुटून आले.

विद्यापीठे बंद झाली, आणि जुनी सवय कामी आली. घराघरांतून पुन्हा वर्ग भरू लागले. वॉर्साच्या भूमिगत विद्यापीठात पोलिश वाङ्मय शिकणाऱ्यांत कवी क्षिश्तोफ कामिल बाचिन्स्की होता. तो १९४४ च्या वॉर्सा उठावात वयाच्या २३ व्या वर्षी मारला गेला. तादेउश बोरोव्स्की त्याच वर्गांचा विद्यार्थी. तो पकडला जाऊन आउश्वित्झला पोहोचला आणि जगला, म्हणून त्या छावणीच्या कथा जगाला वाचावयास मिळाल्या. उठाव मोडल्यावर जर्मनांनी वॉर्सामधील हस्तलिखितांचे आणि दुर्मिळ ग्रंथांचे भांडार पेटवून दिले. सेंट पीटर्सबर्गहून परत मिळविलेल्या झावुस्की संग्रहाचा मोठा भाग त्यात भस्मसात झाला.

युद्धानंतर सीमा सरकल्या. ल्वूव्ह आणि विल्नो पोलंडबाहेर गेली. ओसोलिन्स्की संस्थेच्या संग्रहाचा काही भाग व्रोत्स्वाफ येथे आला. १९४५ मध्ये क्राकूव्हला पोलिश वाङ्मयाच्या वर्गात नाव घातलेल्यांत विस्वावा शिंबोर्स्का होती. तिने पदवी घेतली नाही. नोबेल पारितोषिक मात्र १९९६ मध्ये मिळविले. साम्यवादी राजवटीत अध्यासने भरपूर होती, पण सर्व पुस्तके मोकळी नव्हती. जानेवारी १९६८ मध्ये मित्स्क्येविचच्या 'पूर्वज' या नाटकाचे प्रयोग वॉर्सामध्ये थांबविले गेले आणि त्यातून विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन पेटले. १९७७ पासून 'फिरते विद्यापीठ' त्याच जुन्या नावाने पुन्हा घराघरांत भरू लागले. या काळात परदेशी गेलेला कवी चेस्वाफ मिवोश कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अमेरिकन विद्यार्थ्यांना पोलिश वाङ्मय शिकवीत होता. त्या अध्यापनातून त्याचा इंग्रजी भाषेतील 'पोलिश वाङ्मयाचा इतिहास' १९६९ मध्ये निघाला. १९८० मध्ये त्याला नोबेल मिळाले, तोवर मायदेशात त्याची पुस्तके उघडपणे मिळत नव्हती.

भारताशी जुळलेला धागा

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आलेला आहे. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रियांची आणि मुलांची, वसाहत होती. तेथे त्यांच्या पोलिश माध्यमाच्या शाळा चालत. पंचगंगेच्या काठी मुले पोलिश व्याकरण घोकत होती, त्या वेळी वॉर्सामध्ये तेच व्याकरण शिकविणे जिवावर बेतणारे होते. वांदा दिनोव्स्का या भारतप्रेमी विदुषीने मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने १९४४ मध्ये मद्रासला 'पोलिश-भारतीय ग्रंथालय' ही ग्रंथमाला सुरू केली. हेच फ्रिडमन औंध संस्थानच्या राज्यघटनेच्या कार्यात सहभागी होते आणि निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद त्यांनीच १९७३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले.

आज दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकण्याची सोय आहे. मराठीभाषक विद्यार्थ्याला ही भाषा सर्वस्वी परकी वाटणार नाही. तिला मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. विभक्ती सात आहेत. भूतकाळी बोलताना 'मी गेलो' आणि 'मी गेले' असा भेद तिच्यातही करावा लागतो. अनुस्वारयुक्त स्वरही तिच्यात आहेत. क्रिया पूर्ण की अपूर्ण हे दाखविणाऱ्या धातूंच्या जोड्या मात्र नव्याने पाठ कराव्या लागतात.

वॉर्सा विद्यापीठात परदेशीयांना पोलिश शिकविणारे केंद्र १९५६ पासून चालू आहे. गेल्या काही वर्षांत पोलंडमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या युक्रेनियनांची झाली. २०२२ च्या युद्धानंतर तर असंख्य युक्रेनियन कुटुंबे आश्रयासाठी तेथे आली आणि त्यांच्यासाठी पोलिशचे वर्ग निघाले. ल्वूव्हच्या गुप्त विद्यापीठाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. ज्यांना एके काळी स्वभाषेच्या अध्यासनापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या पणतवंडांना पोलिश शिकविताना तेथील अध्यापकांनी हा जुना हिशेबही ध्यानात ठेवावा, हे उचितच होय.

सम्राटाच्या आज्ञेने उघडलेली विद्यापीठे सम्राटाच्याच आज्ञेने मिटली. लिंडेचा कोश, गावोगावची लोकवाचनालये आणि विद्यार्थिनींच्या शुल्कातून जमविलेला गुप्त ग्रंथसंग्रह यांना मात्र सरकारी हुकमाने पुसता आले नाही. राजधानीपासून दूर, वर्गणीच्या आधारावर शंभर वर्षे चाललेल्या वाचनालयाच्या सभासदांना या इतिहासातील माणसे अनोळखी वाटू नयेत. आपली भाषा जपणे हे त्यांनी व्रत मानले. शेजाऱ्याच्या भाषेलाही तोच मान देणे हा त्या व्रताचा उत्तरार्ध होता. तो ज्यांनी पाळला त्यांची नावे थोडी आहेत, म्हणूनच ती आदराने घ्यावयाची.